पेटीतला अर्धा पूल

मार्च संपत आला होता. नागपुरात महालातल्या एका जुन्या घरातून फोन आला. "ताई, तुम्ही जुने फोटो पाहून सांगता म्हणे. आमच्या आबांनी हावडा पूल बांधला. त्याचे फोटो सापडलेत." बोलणारे साठीतले गृहस्थ, आबांचे नातू. जूनमध्ये घरचा मेळावा होता आणि त्यासाठी छोटी स्मरणिका छापायची होती. मुखपृष्ठावर आबा आणि पूल, आत निवडक फोटो. मी ते स्कॅन करायचे, डाग काढायचे आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहून द्यायची, इतकंच काम होतं.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून काही वर्षं साइटवर काढली आणि मग फोटोग्राफीत आले. त्यामुळे बांधकाम चालू असतानाचे जुने फोटो म्हटलं की मी पैशांचं नंतर विचारते. पुरा झालेला पूल कोणालाही कधीही टिपता येतो. अर्धा पूल मात्र काही महिनेच असतो आणि त्याची प्रत्येक अवस्था पुढची अवस्था आली की कायमची झाकली जाते. पाया मातीखाली जातो, आधाराचे मनोरे उतरवले जातात, क्रेन निघून जाते. हे सगळं पुन्हा पाहायचं तर फोटोशिवाय मार्ग नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी महालात गेले.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवायचं कारण म्हणजे त्यात माझी एक चूक आहे. ती चूक खपून गेली असती, तर एका भल्या माणसाबद्दल खोटी गोष्ट छापून आली असती.

पेटी

टिनाची पेटी, वर हिरवा रंग, कडी गंजलेली. झाकण उघडताच आंबट वास आला. नातसून म्हणाली, "लोणच्याची बरणी होती का हो यात कधी?" बरणी नव्हती. तो वास निगेटिव्हचा होता. त्या काळातल्या काही रोल फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असे. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो पाया झिजू लागतो आणि त्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं. ते आम्ल डब्यात कोंडलं की झीज आणखी वाढते. एक फिल्म सडू लागली की शेजारच्या फिल्मनाही ती बाधा होते.

आता ही पेटी राहिली कुठे, तर मधल्या खोलीत, खिडकीतल्या कूलरच्या बरोबर खाली. नागपूरच्या घरात उन्हाळ्याचे अडीच-तीन महिने कूलरशिवाय निभत नाही. बाहेर ४५ अंश आणि आत वाळ्यातून येणारी ओली हवा. माणसाला सुख, फिल्मला मरण. त्यात पावसाळा. इतकी वर्षं हे चालूनही चौदा निगेटिव्ह निघाल्या आणि त्यातल्या दहा वाचण्याजोग्या होत्या, याचंच मला नवल वाटलं. उरलेल्या चारांचा पाया आक्रसून वरचा थर सुरकुत्यांसारखा उचलला गेला होता.

कागदावरचे प्रिंट एकतीस. सहा बाय नऊ सेंटिमीटरचे, निगेटिव्हच्याच मापाचे, म्हणजे कॉन्टॅक्ट प्रिंट. त्यातल्या सहांची कोणीतरी आधीच काळजी घेतली होती. शहरातल्याच एका दुकानात नेऊन ते कायमचे टिकावेत म्हणून लॅमिनेट करून आणले होते. गरम प्लास्टिक चांदीच्या थरावर चिकटलं की ते सोडवता येत नाही. त्या सहांमागे पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर ते वाचायची सोयही संपली. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, पण हे पाहिलं की माझा जीव तुटतो. जुने फोटो लॅमिनेट करू नका. आम्लविरहित कागदाचं साधं पाकीट त्याहून चांगलं आणि ते कधीही काढून ठेवता येतं.

मी त्याच दिवशी वास येणाऱ्या निगेटिव्ह वेगळ्या केल्या, प्रत्येक एका कागदी पाकिटात घातली आणि पेटी खोलीच्या आतल्या, कोरड्या भिंतीतल्या कपाटात हलवायला लावली. पुलाचे फोटो यात एकोणीस निघाले. बाकीचे घरचे.

आबांची गोष्ट

आबा बंगाल नागपूर रेल्वेत होते, बीएनआरमध्ये. राहायला मोतीबागेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. मालाच्या कचेरीत कारकून. बीएनआरचं मुख्यालय कलकत्त्याला गार्डन रीचला आणि गाडी थेट हावड्याला. कामासाठी, परीक्षेसाठी, कधी पासावर, आबा तिकडे वरचेवर जात. नागपूर ते हावडा अकराशे किलोमीटरहून थोडं जास्त.

"ते तिकडे पुलाच्या कामावर होते, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो," नातू म्हणाले. त्यांच्या आई, म्हणजे आबांच्या सूनबाई, चौऱ्याऐंशीच्या. सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही म्हणू लागले. त्या पलंगावर बसून माझ्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "आबा फार बोलत नव्हते बाई. पूल मात्र सांगत. कुठला भाग कधी चढला ते सगळं त्यांना पाठ होतं."

हे ऐकून मलाही खरं वाटलं. इतकं पाठ असणारा माणूस कामावरचाच असणार.

पूल वाचायचा कसा

एकाही फोटोवर तारीख नव्हती. मोठ्या कामांचे सरकारी फोटो वेगळे असतात. पनामा कालव्याचे अधिकृत छायाचित्रकार अर्नेस्ट हॅलन १९०७ पासून फोटो काढत होते आणि चित्रावरच जागा, दिवस, क्रमांक लिहीत. त्यामुळे शंभर वर्षांनंतरही कोणतं दार कोणत्या महिन्यात कुठवर आलं होतं ते समजतं. स्कॉटलंडच्या फोर्थ पुलाचे फोटो एव्हलिन कॅरी यांनी काढले. ते त्या कामावरचेच अभियंते, त्यामुळे कुठे काय पाहायचं हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे बोरघाटाच्या रेल्वेकामाचे फोटो ॲलिस ट्रेडवेल यांनी काढले. नवरा, म्हणजे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल, १८५९ मध्ये वारल्यावर ते कंत्राट या बाईंनी पुढे चालवलं. या सगळ्यांना कामाच्या आत शिरायची मुभा होती.

आबांच्या फोटोंना तारीख नाही, पण पूल स्वतःच तारीख सांगतो. त्यासाठी तो कोणत्या क्रमाने उभा राहिला ते माहीत हवं.

हुगळीवर हावड्याला आधी १८७४ चा तरंगता पूल होता, सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांचा. पाण्यावर तराफ्यांची रांग, वर रस्ता. मोठं जहाज आलं की मधला भाग सरकवून वाट द्यायची आणि तोवर दोन्ही काठांवर बैलगाड्या, माणसं, मोटारी खोळंबून राहायच्या. नवा पूल त्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला, साधारण शंभर यार्डांवर आला. नदीत एकही खांब घ्यायचा नाही, असं ठरलं, कारण जहाजांची वाट अडवायची नव्हती आणि गाळही साठू द्यायचा नव्हता. म्हणून दोन्ही काठांवर एकेक मनोरा आणि त्यांच्यात ४५७ मीटरचा गाळा. काम १९३६ ला सुरू झालं, १९४२ ला संपलं, वाहतूक ३ फेब्रुवारी १९४३ ला सुरू झाली. पोलाद २६,५०० टन. त्यातलं सुमारे २३,००० टन टाटांचं, कारण युद्ध पेटल्यावर इंग्लंडहून येणाऱ्या मालाचा भरवसा उरला नाही.

आधी पाया. प्रत्येक मनोऱ्याखाली प्रचंड विहिरीसारखा केसन, ५५ मीटर लांब, जवळपास २५ मीटर रुंद, त्यात एकवीस चौकोनी भुयारं. आतून माती काढत जायची आणि तो आपल्या वजनाने खाली उतरत जायचा. मातीतून नांगर, तोफगोळे, पितळी भांडी, कंपनीच्या काळातली नाणी निघाली. एका रात्री खालची जमीन अचानक सुटली आणि सगळा भार एकदम दोन फूट खाली गेला. त्याचा हादरा खिदिरपूरच्या भूकंपमापकावर उमटला.

मग मनोरे. आणि त्यानंतरचा क्रम सगळ्यांत महत्त्वाचा. आधी जमिनीकडचा हात बांधायचा, मग पाण्याकडचा. पुढे सरकणारी क्रेन वरच्या तुळईवरून चालत जाते आणि आपल्यापुढचा तुकडा चढवत जाते. जमिनीकडचा हात ९९ मीटर, पाण्याकडचा १४३ मीटर. दोन्हीकडून असे हात आले की मधला १७२ मीटरचा भाग त्यांच्या टोकांना टांगला जातो. त्या मधल्या भागाचे दोन अर्धे जोडताना प्रत्येकी ८०० टन ताकदीचे सोळा जॅक लावले होते. सगळा सांगाडा रिव्हेटचा, म्हणजे तापवून ठोकलेल्या खिळ्यांचा, नट-बोल्ट नाही. रस्ता सगळ्यांत शेवटी, वरून लोंबणाऱ्या दांड्यांच्या एकोणचाळीस जोड्यांना टांगलेला.

घरातल्या मुलांना हे कळेना. "पाण्याकडचा हात आधी का नाही?" मोठा विचारत होता. मग मी फोर्थ पुलाच्या वेळचा प्रसिद्ध प्रयोग त्यांच्याकडून करून घेतला. दोन मुलं दोन खुर्च्यांवर बसवली. हात बाजूंना ताठ पसरलेले आणि प्रत्येक हाताला आधार म्हणून मुठीपासून खुर्चीच्या बुडापर्यंत तिरका टेकवलेला झाडूचा दांडा. बाहेरच्या हातांना पाण्याच्या बादल्या बांधल्या. आतल्या दोन हातांवर दोरीने पाट टांगला आणि त्यावर धाकटी बसली. पाट तरंगला! १८८७ च्या त्या फोटोत धाकटीच्या जागी काइची वातानाबे हे जपानी अभियंते बसले आहेत आणि बादल्यांच्या जागी विटांचे ढीग आहेत. मग मी एका बाजूची बादली सोडायला लावली. तो मुलगा खुर्चीसकट आत कलला, धाकटीचा पाट जमिनीला टेकला आणि घरभर आरडाओरडा झाला. मोठ्याला उत्तर मिळालं. नागपुरातच गड्डीगोदामला मेट्रोचा पोलादी गाळा रेल्वेच्या डोक्यावर चढताना त्याने पाहिला होता. खालून रस्ता, त्यावर रूळ, त्यावर उड्डाणपूल, सर्वांत वर मेट्रो. तो म्हणाला, "म्हणजे तिथेपण पहिले मागचं वजन सांभाळलं असेल." मागचं वजन कुठे आहे हा प्रश्न सुचला की कुठल्याही बांधकामाचा फोटो वाचता येतो.

या क्रमाने एकोणीस फोटो लावायला अर्धा दिवस पुरला. चार फोटोंत कुंपण, मातीचे ढीग आणि क्रेन, म्हणजे पायाचे दिवस. सहांत मनोरे आणि जमिनीकडचे हात. सातांत पाण्यावर आलेले हात आणि मध्ये मोकळं आकाश. दोन फोटोंत नुसती गर्दी आणि मागे धूसर पोलाद. जोडलेला पूल एकाही फोटोत नाही.

माझी चूक

पाण्यावरच्या सात फोटोंतला एक मला सगळ्यांत आवडला. त्याचा प्रिंट नव्हता, निगेटिव्हच होती. स्कॅन केल्यावर समोर तराफ्यांची लांब रांग, मागे दोन्हीकडून आलेले पोलादी हात आणि उजवीकडे हावडा स्टेशनची इमारत.

हुगळी तिथे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते. हावडा पश्चिमेला, कलकत्ता पूर्वेला. फोटोत हावडा उजवीकडे असेल तर कॅमेऱ्याचं तोंड दक्षिणेकडे हवं, म्हणजे फोटोग्राफर नव्या पुलाच्या वरच्या अंगाला उभा हवा. समोरची रांग मी कामाचे तराफे समजले. कामाच्या तराफ्यांच्या इतक्या जवळ, वरच्या अंगाला, बाहेरच्या माणसाला कोण येऊ देईल? मी नातवाला फोन केला आणि सांगितलं, आबा कामाच्या आत होते, असं दिसतंय. त्यांना फार आनंद झाला. मुखपृष्ठासाठी तोच फोटो ठरला.

चार दिवसांनी छपाईसाठी डाग काढत होते. पडद्यावर चित्र खूप मोठं केलेलं. त्या तराफ्यांवर एका जागी काळा डाग होता, बुरशी म्हणून मी पुसायला घेतला. आणखी मोठा केला तर चाक. चाकापुढे बैल, बैलापुढे उघडी छत्री धरलेला माणूस. मग त्या रांगेत दुसरी बैलगाडी, डोक्यावर ओझं घेतलेल्या बायका, कठडा. कामाच्या तराफ्यांवर बैलगाडी येईल कशाला? हा जुना तरंगता पूल होता. माणसांनी भरलेला, रोजचा.

आणि मग सगळंच उलटलं. जुना पूल नव्याच्या खालच्या अंगाला, दक्षिणेला. फोटोत जुना पूल जवळ आहे आणि नवा मागे. म्हणजे कॅमेरा दक्षिणेला असून तोंड उत्तरेकडे. उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर हावडा स्टेशन डावीकडे दिसायला हवं. माझ्या फोटोत ते उजवीकडे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत. मी निगेटिव्ह उलट्या बाजूने स्कॅन केली होती. फिल्मची थराची बाजू मंद असते आणि दुसरी चकचकीत, ही साधी खूण आहे. पण या फिल्मवर चांदी वर येऊन दोन्ही बाजू सारख्याच चमकत होत्या आणि मी बोट लावून, तिरपी धरून खात्री केली नाही.

नदीच्या प्रवाहावरून आधीच कळायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. तसं कळत नाही. हुगळीला तिथपर्यंत भरती-ओहोटी आहे, पाणी दिवसातून दोन्ही दिशांना वाहतं. नांगरलेल्या नावांची तोंडं भरतीला एकीकडे, ओहोटीला दुसरीकडे. भरती-ओहोटी नसलेल्या नद्या पाहत मोठं झालेल्या आपल्या विदर्भातल्या माणसाला हे पटकन सुचत नाही. कन्हानच्या पुलाचा फोटो असता तर प्रवाह पाहून मी पाच मिनिटांत सांगितलं असतं.

उभं राहायची जागा

आता एका फोटोवर विसंबून चालणार नव्हतं. मी एका मोठ्या कागदावर नदीचे दोन काठ, जुना पूल, नवे मनोरे, स्टेशन आणि घाट काढले आणि प्रत्येक फोटो कुठून काढला ते शोधायला बसले. रीत सोपी आहे. फोटोत दोन पक्क्या खुणा एकमेकींच्या मागे आलेल्या शोधायच्या. समजा मनोऱ्याचा पाय आणि स्टेशनच्या घड्याळाचा मनोरा एका रेषेत दिसतात. नकाशावर त्या दोन बिंदूंतून पट्टी लावून रेघ पुढे ओढायची. फोटोग्राफर त्या रेघेवर कुठेतरी उभा आहे. दुसऱ्या दोन खुणांची दुसरी रेघ. दोन्ही रेघा छेदतात तिथे त्याचे पाय.

एकोणीसपैकी सोळा फोटोंची जागा अशी लागली. तीनच ठिकाणं निघाली. स्टेशनसमोरचं मोकळं आवार, कलकत्त्याकडचा घाट आणि जुन्या पुलाचा पायरस्ता. स्टेशनच्या आवारातल्या फोटोंत कॅमेरा आणि काम यांच्यामध्ये प्रत्येक वेळी कुंपण आहे. कुंपणाच्या आतून काढलेला एकही फोटो नाही. पोलादावर चढून घेतलेला नाही, रिव्हेटच्या भट्टीजवळचा नाही, मुकादमाचा नाही, कामगारांचा गट नाही. पाच वर्षं कामावर असलेला माणूस, हातात कॅमेरा, आणि एकदाही सोबत्यांचा फोटो काढत नाही, हे मला पटेना.

आबा कामावर नव्हते. ते गाडीतून उतरणारे प्रवासी होते.

पण त्याच कागदावर दुसरी गोष्ट दिसत होती. जुन्या पुलावरचे आठ फोटो आणि त्यातल्या पाचांच्या रेघा जवळपास एकाच बिंदूवर छेदत होत्या. पाचही फोटोंच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात कठड्याचा तोच खांब आला आहे. एकात मनोरा निम्माच, दुसऱ्यात पूर्ण, मग हात थोडा पाण्यावर, मग आणखी पुढे, मग समोरचाही हात आलेला. हा माणूस दर खेपेला गाडीतून उतरून, त्या गर्दीतून चालत, त्याच खांबाशी जाऊन उभा राहत होता. मागून बैलगाड्या खेटत असणार. एका फोटोत अर्ध्या चौकटीत कोणाचा तरी खांदा आला आहे.

हे पाच फोटो मी टेबलावर एकाखाली एक ठेवले आणि बराच वेळ तिथून उठवेना.

महालातली संध्याकाळ

सांगायला जाताना मला भीती वाटत होती. नातवाला आधी चूक सांगितली, मग नकाशा उलगडला. ते गप्प झाले. मग म्हणाले, "ताई, निदान पोलादाच्या वॅगन तरी त्यांनी पाठवल्या असतील ना? टाटानगर बीएनआरवरच आहे." मी म्हटलं, टाटानगरहून हावडा पूर्वेला, नागपूर त्या वाटेवर येतच नाही. "लोकांना काय फरक पडतो? घरचीच तर स्मरणिका." फरक पडतो, मी म्हटलं. पुढे कोणी पुलाचा अभ्यास करणारा हे फोटो पाहील आणि कामावरच्या माणसाचे म्हणून वाचेल. तो चुकेल आणि ती चूक तुमच्या आबांच्या नावावर जाईल. 'हावडा पुलाचे शिल्पकार' या ओळीखाली मी स्कॅन देणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

काकू सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग ते तिथे उभे राहून काय करून राहिले होते?"

"पाहत होते, काकू. दर वेळी त्याच जागी."

त्यांनी पाच फोटो मागवून घेतले, चष्मा पुसला आणि एकेक डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "काहून बा इतका जीव लावला होता," असं स्वतःशीच म्हणाल्या. थोड्या वेळाने मी विचारलं, शेवटचा, जोडलेल्या पुलाचा फोटो का नसेल? युद्धाच्या काळात पूल, गोदी अशा जागांचे फोटो काढायला बंधनं होती, फिल्मही मिळेनाशी झाली होती, मी त्याच अंगाने विचार करत होते. काकू म्हणाल्या, "नाही. कॅमेरा विकला ना त्यांनी. मोठ्या आत्याचं लग्न निघालं तेव्हा. सासूबाई सांगत." लग्नाचा फोटो पेटीत होताच, स्टुडिओचा, मागे वर्ष छापलेलं. १९४१. पूल पुरा व्हायला अजून वेळ होता. माझा एक तर्क गळला आणि शेवटच्या फोटोंना एक वरची मर्यादा मिळाली, तीही घरातूनच.

शीर्षक बदलायला नातवाने दोन दिवस घेतले. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर अखेर ते पाच फोटो आले, वरून खाली, कालक्रमाने. खाली ओळ अशी: 'हावडा पुलाचं काम, जुन्या तरंगत्या पुलाच्या पायरस्त्यावरून उत्तरेकडे पाहताना. १९३६ नंतर, १९४१ पर्यंत. फोटो: आबा, बंगाल नागपूर रेल्वेतले कारकून, नागपूर.' आतल्या पानावर बैलगाडीचा फोटो, या वेळी सुलट, स्टेशन डावीकडे.

वाचलेल्या दहा निगेटिव्ह मी थराच्या बाजूची खात्री करून पुन्हा स्कॅन केल्या. मूळ फायली कॉम्प्रेस न करता ठेवल्या, एक प्रत घरात आणि एक दुसऱ्या शहरात राहणाऱ्या भाचीकडे. सडलेल्या चार वेगळ्या डब्यात आहेत, झाकण पक्कं न लावता, म्हणजे आम्ल कोंडणार नाही. प्रत्येक पाकिटावर शिसपेन्सिलीने क्रमांक आणि नकाशावरचा बिंदू. पेटी कूलरपासून लांब.

जुलैत मोठा पणतू कामासाठी कलकत्त्याला गेला. काकूंनी त्याला सांगितलं होतं, आबा उभे राहत तिथे उभा राहून ये. त्याने मला तिथूनच फोन केला. "ताई, तिथे उभंच राहता येत नाही. तो पूल नाहीये. नुसतं पाणी आहे." मी त्याला हावड्याच्या घाटावरून आर्मेनियन घाटाकडे जाणारी लाँच घ्यायला सांगितलं, ती त्याच पट्ट्यातून नदी ओलांडते. लाँच थांबत नाही, म्हणून तो कठड्याला टेकून एकामागून एक फोटो काढत राहिला, चाळीस-एक तरी. त्यातल्या तेविसाव्यात मनोऱ्याचा पाय आणि स्टेशनचं घड्याळ एका रेषेत आले आहेत. तो फोटो छापून काकूंनी आबांच्या पाचांच्या खाली, सहावा म्हणून, भिंतीला लावून घेतला.